दोन टकटकींचं भूत

"ताई, तळघरात भूत आहे! आणि ते अभ्यास करतंय!" सगळे ज्याला भोपळा म्हणत, तो ताईचा भाऊ जिन्यावरून धडपडत वर आला.

ताईनं धाकट्या भावावर डोळे वटारले. वाचनालय आता सुट्टीभर बंद राहणार होतं, आणि त्यांच्याबरोबर इथली भाषा शिकायच्या वर्गाला आलेल्या मावशीचा पत्ता नव्हता! ग्रंथपालकाका किल्ल्या खुळखुळवत म्हणाले, "मावशी केव्हाच गेली. खाली नळ वाजतायत. चला, निघा!"

"नळ पुटपुटतात का हो?" म्हणत ताई खाली उतरलीसुद्धा.

चादरी पांघरलेली कपाटं अंधारात तोंड झाकून उभी होती. लोखंडी दारामागून घोगरा आवाज आला. इथल्या भाषेतली एक ओळ. मग टक-टक! पुन्हा तीच ओळ. मागून आलेल्या भोपळ्यानं ताईची बाही ओढली.

"पळ गं!"

"थांब! दोन टकटकी म्हणजे काय?"

भोपळा थबकला. "कळलं नाही, मागे जा." त्यांच्या वर्गाची ही रीतच होती. ओळ कळली तर एक टकटक, नाही तर दोन.

"म्हणजे भूत आपल्याच वर्गातलं! मावशी?"

"आलात गं बाई!" ओरडून ओरडून मावशीचा घसा बसला होता. "कुणीतरी बाहेरून दार लावून घेतलं! इथे दार कसं उघडायचं त्याची पाटी आहे. लाल दांडी ओढली, पण दार हलत नाही मेलं! आणि दिवा फडफडतोय, विझला तर पाटीही दिसायची नाही!"

काका धापा टाकत आले. "ह्याची किल्ली... कुठे ठेवली कोण जाणे!"

"मावशी, पाटीवर काय आहे? तुझ्या शब्दांत सांग!"

"पहिली ओळ, दांडी ओढा. ती दोन टकटकी देऊन देऊन कळली. दुसरी..." आतला आवाज ओशाळला. "दुसरीला मी उगाच एक टकटक दिली. म्हटलं, कोण बघतंय!"

ताई वरमली. असल्या खोट्या टकटकी तीही वर्गात रोज द्यायची.

"दुसरीतलं कळतं तेवढंच सांग."

"'पाय'. 'ढकला'. मधलं काही कळत नाही."

"राहू दे मधलं! दांडी ओढून धरल्यावर पायानं काय ढकलायचं असेल?"

"अगं, दारच की!"

खाटकन! दार उघडलं. मावशीनं दोघांना पोटाशी धरलं. "शाबास गं माझी वाघीण! आणि शाबास भोपळ्या, भूत आधी तुलाच ऐकू आलं!"

"मी दार लावताना आत बघितलं होतं हो," काका पुटपुटले.

"बघितलंत, की नुसती नजर फिरवलीत?" ताईनं विचारलं.

काका गोरेमोरे झाले. वर्ग वर्षभर त्यांच्या कानांवरच भरायचा, टकटकींची रीत त्यांनाही पाठ होती. त्यांनी मुकाट्यानं दारावर दोनदा टकटक केली आणि उरलेल्या खोल्या पुन्हा बघायला मागे वळले.