उरलेल्या चार दिवसांच्या गोळ्या

"खबरदार तिला घराबाहेर काढलंस तर!" सासरे दारात आडवे उभे राहिले. "तीस वर्षं औषधांच्या दुकानात घालवलीत मी. साधा ताप आहे, घाम आला की उतरेल!"

थोरल्या सुनेने दवाखान्याची पिशवी खांद्याला अडकवली. धाकट्या जावेला सातवा सरत आला होता. दोन गोधड्यांखाली ती थडथड कापत होती, कंबर धरून कण्हत होती, आणि दर दहा मिनिटांनी तिचे पोट दगडासारखे घट्ट होत होते... नऊ वर्षांपूर्वी याच घरात, सातव्याच महिन्यात आपले पोट असेच घट्ट झाले होते, हे थोरली विसरली नव्हती. विसरू देतेय कोण!

सासऱ्यांना गल्लीत 'अर्धे डॉक्टर' म्हणत, आणि त्यांना त्यातले 'डॉक्टर' तेवढेच ऐकू येई. त्यांच्या कपाटात गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा असे. दुखणे थांबले की औषध थांबवायचे, उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायच्या आणि पुढच्या आजाऱ्याला त्यातूनच द्यायच्या, ही या घरची रीत. या हुशारीचे त्यांना केवढे कौतुक!

"स्वतःच्या वेळी जिने चढत बसलीस," थोरलीचा नवरा खुर्चीवरून पुटपुटला, "आता हिलाही हलवतेस. तुझा दीर परगावी आहे, त्याला काय सांगायचं आम्ही?"

जिने! नऊ वर्षे हा एकच शब्द तिच्या काळजात रुतून बसला होता. वाळलेले कपडे आणायला ती गच्चीवर गेली आणि म्हणून बाळ गेले, असे या घराने ठरवले, आणि तिनेही ते मुकाट्याने स्वीकारले. पण आज तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बाजूला व्हा, बाबा," ती म्हणाली. "काही झालं तर खापर माझ्या डोक्यावर फोडा. सवय आहे मला!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकटीला तपासले, सलाईन लावले, बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून सुई टोचली आणि मग विचारले, "आधी लघवीला जळजळ होत होती?"

"तीन आठवड्यांपूर्वी," धाकटी क्षीण स्वरात म्हणाली. "सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या."

"सगळ्या घेतल्यास?"

"तीनच दिवस... जळजळ थांबली, तशा बाबांनी उरलेल्या डब्यात टाकल्या. म्हणाले, जास्त औषध बाळाला बाधतं."

थोरली ताडकन पुढे सरसावली. हेच शब्द! तिलाही जळजळ झाली होती, तिच्याही गोळ्या तिसऱ्या दिवशी डब्यात गेल्या होत्या, तिलाही अशीच हुडहुडी भरली होती! धडपडत, अडखळत तिने सारे डॉक्टरीणबाईंना सांगितले.

"जुन्या गोष्टीचं छातीठोकपणे नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण अर्धवट दाबलेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो, शरीरात दाह होतो, आणि त्यानं कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. तुमच्या बाबतीत मी आधी हाच संशय घेतला असता. गच्चीचा जिना चढल्यानं बाळ जात नाही हो, बाई."

जात नाही! मग नऊ वर्षे चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की तुम्ही सगळ्यांनी!

कळा थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. एवढीशी, लालभडक... पण रडली! तिला काचेच्या पेटीत ठेवले. बातमी ऐकून सासरे आणि नवरा धावत आले, तर थोरली व्हरांड्यात त्यांच्या वाटेतच उभी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले तिने शब्दन् शब्द ऐकवले.

"आता तुमच्या मुलाला सांगा, बाबा. माझ्या वेळी गोळ्या कोणी बंद केल्या?"

म्हातारा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं! जिन्याचं मोठ्यानं सांगत होतात ना नऊ वर्षं?"

"मी... मीच केल्या," ते भिंतीला टेकले. "भलं करतोय असंच वाटलं गं, पोरी... मला माफ कर!"

"आज नाही जमणार," ती म्हणाली. "माझं बाळ गेलं, आणि त्याच्यासाठी मला धड रडूही दिलं नाहीत तुम्ही! अपराध्यानं कुठल्या तोंडानं रडायचं?"

नवरा खाली मान घालून उभा होता.

तेवढ्यात नर्स दारात आली. "बाळ आता स्थिर आहे. थोडा वेळ छातीशी उबेला धरायचंय. आईला अजून ताप आहे, ती म्हणते, माझ्या ताईंनाच द्या."

थोरली आत गेली. तो इवलासा, उबदार जीव छातीवर ठेवताच तिच्या आत दाबून ठेवलेले सारे उसळून आले, आणि ती रडली, हमसून हमसून रडली, आपल्या न राहिलेल्या बाळासाठी, कुणाचीही भीड न बाळगता. पोर मात्र निवांत झोपली होती.

काचेपलीकडे नवरा डोळे पुसत उभा होता. तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले.

"त्यांना आत येऊ द्या," ती नर्सला म्हणाली. "पण आधी हात धुवायला सांगा, साबणानं, कोपरापर्यंत. आणि बाबांना म्हणावं, आज नाही... उद्या या."