तिसरा हात

१९७४ सालची मोठी सुट्टी. तेव्हा लॉन्ड्रीतून आलेला शर्ट म्हणजे एक चीज असायची. इस्त्रीची ऊब, कडक कॉलर आणि घडीच्या आत करकरीत पुठ्ठा. त्या सुट्टीत शंकासुर आणि ढब्बू ही बहीणभावंडं मावशीकडे राहायला आली होती.

“ढब्बू, तू मशीन हो. मी आई होते,” मावशीची मुलगी टिकली म्हणाली.

“मीच का मशीन?”

“कारण तू जड आहेस!”

ढब्बू कुरकुरत जिन्याच्या फरशीवर पालथा पडला. टिकलीने त्याच्या पाठीवर शर्ट पसरला, कॉलर नीट मानेशी लावली आणि दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही कान कचकन दाबले.

“आई गं! कान का उपटतेस?”

“कान नाहीत, बटणं आहेत ती! एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच घडी पडते आणि वरचा पाटा खाली येतो. हात चुकून आत राहू नये म्हणून तसं केलंय. आई सांगायची…”

टिकलीने ढब्बूच्या कानांवरून हात काढले. बंद दाराआड तिची आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. डाव्या हाताला हे एवढं मोठं बँडेज. गेल्याच आठवड्यात खालच्या लॉन्ड्रीत, शर्टाच्या घड्या घालणाऱ्या मशीनने तिची दोन बोटं नेली होती. कुणी हाताचं विचारलं की मावशी तोंड फिरवायची.

मुकादम मात्र सगळ्यांना सांगत सुटला होता, “मशीन ठणठणीत आहे! बाईचंच लक्ष नव्हतं.” मालकीणबाईंना ते पटलं. निष्काळजी माणूस त्यांना नको होता. मावशीची नोकरी गेली, आणि राहायची खोली लॉन्ड्रीचीच असल्यामुळे महिनाअखेर तीही सोडायची होती. टिकलीला बाबा नव्हते. मायलेकी जाणार कुठे, हा विषय कोणीच काढत नव्हतं.

शंकासुर जिन्याच्या पायरीवर बसून नखं खात होती. शाळेत प्रत्येक गोष्टीत शंका काढायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

“टिकले, थांब. उजवा हात उजव्या बटणावर. डावा हात डाव्या बटणावर. मग मशीनमध्ये सापडला तो कुठला हात?”

“डावा.”

“डावा तर बटणावर होता! मावशीला काय तिसरा हात आहे?”

तिघं उठून उभी राहिली. मग धडधडत खाली पळाली.

लॉन्ड्रीत वाफेने गुदमरायला होत होतं. इस्त्रीवाल्या बायका मान खाली घालून काम करत होत्या. मुकादम चहाला गेला होता. शंकासुर मशीनपाशी वाकली. प्रत्येक बटणाभोवती पत्र्याची कडी होती. उजवी कडी स्वच्छ. डावीच्या आत मात्र खरडे पडले होते आणि त्यात राखाडी लगदा अडकला होता. तिने तो नखाने उकरला.

“पुठ्ठा! शर्टात घालतात तो! म्हणजे पुठ्ठ्याची घडी करून इथे खोचायची. बटण दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा…”

“मोकळ्या हाताने शर्ट सारखा करायचा,” टिकली पुटपुटली, “भराभर काम व्हावं म्हणून.”

“काकू, पुठ्ठा कोण लावायला सांगायचं इथे?” ढब्बूने जवळच्या इस्त्रीवालीला विचारलं.

तिने इस्त्री जोरात आपटली. “मला पोरंबाळं आहेत रे बाबा. जा इथून.”

मुलं तडक मालकीणबाईंच्या काचेच्या खोलीत घुसली. शंकासुराने सगळं सांगितलं. तेवढ्यात मुकादम आलाच. सगळं ऐकून तो हसला.

“बटण दाबायला हातच कशाला पाहिजे? हनुवटीने दाबलं असेल बाईने! हनुवटीने बटण, डोकं भलतीकडे!” त्याने हनुवटी पुढे काढून मावशीची नक्कल केली. मालकीणबाईही हसल्या. दारातल्या दोघी इस्त्रीवाल्या हसल्या, कारण मुकादम त्यांच्याकडे बघत होता.

टिकली रडली नाही. तिने फक्त ओठ चावला, इतका की रक्त आलं.

“त्याला त्याच मशीनवर बसवायचा,” बाहेर आल्यावर शंकासुर म्हणाली. तिचा आवाज अगदी थंड होता.

दुसऱ्या दिवशी हॉटेलांच्या शर्टांचा डोंगर पडला होता. मशीनवरची नवी बाई घाबरून दोन्ही हातांनी सावकाश काम करत होती. अपघातापासून पुठ्ठा बंद होता ना! ढब्बू मुद्दाम मालकीणबाईंना ऐकू जाईल असा ओरडला, “अबब! माझी मावशी एवढा ढीग जेवणाआधी उडवायची!”

“खरंच की,” मालकीणबाई कडाडल्या. “मुकादम, आता का होत नाही?”

“ही बाई मठ्ठ आहे. उठ गं! मी दाखवतो.” मुकादम अस्तन्या सारून मशीनवर बसला. मालकीणबाई आपल्या खोलीत गेल्या.

शंकासुराने मावशीला मागच्या दाराने, टांगलेल्या कोटांच्या रांगेआड आणून उभं केलं होतं. मावशी परत फिरायला लागली. “मला त्या मशीनचं तोंड बघायचं नाही गं!”

“जरा थांब, मावशी. बघ तर!”

ढब्बू मुकादमाच्या पुढ्यात मांडी ठोकून बसला. “काय काका, दमलात? मावशी हातात बांगड्या घालून याच्या दुप्पट काम करायची!”

“चूप बस, ढोल्या!”

“तुमची कॉलर कडक, पण हात ढिले!”

इस्त्रीवाल्यांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. मुकादमाचे कान तापले. त्याने काचेच्या खोलीकडे चोरून पाहिलं, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, सवयीच्या हाताने दुमडला आणि डाव्या कडीत खोचला. आता शर्ट भराभर उडायला लागले. खट्, धप्! खट्, धप्! टिकली पळाली. मालकीणबाईंचा पदर ओढत ती त्यांना घेऊन आली आणि दोघी मुकादमाच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

“शर्ट वाकडा गेला! मुकादमाचं लक्ष नाही! हनुवटी लावा, काका, हनुवटी!” ढब्बू ओरडला.

“थोबाड फोडीन तुझं!” मुकादमाने ढब्बूकडे मान वळवली. त्याचा डावा हात शर्टाची बाही सारखी करत पाट्याखालीच राहिला. उजवा हात बटणाकडे गेला.

शंकासुराला ते दिसलं, इतरांच्या आधी. ओरडायला वेळ होता. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि पाट्याकडे बघत राहिली.

धप् झालंच नाही.

कोट बाजूला फेकून मावशी धावली होती. मशीन बंद करायचा खांबावरचा लाल खटका तिने बँडेजच्याच हाताने दाबला होता. पाटा मुकादमाच्या बोटांपासून बोटभर अंतरावर थांबला होता. मुकादम पांढराफटक पडून स्वतःच्या हाताकडे बघत होता. मावशीच्या बँडेजवर लाल डाग पसरत होता.

मालकीणबाईंनी वाकून कडीतला पुठ्ठा उपसून काढला. “हे कधीपासून?”

मुकादमाने हात पाठीमागे घेतला.

“रोज,” कालची इस्त्रीवाली म्हणाली. “रोज लावायला लावायचा. नाही म्हटलं तर घरी बसवीन म्हणायचा.”

“तो खोटं बोलला आणि आम्ही गप्प बसलो,” दुसरी म्हणाली.

मुकादमाला त्याच क्षणी दार दाखवलं गेलं. मावशीची खोली राहिली, नोकरीही राहिली, शर्टांची तुटलेली बटणं शिवायच्या टेबलावर. मालकीणबाईंनी मुलांच्या पाठीवर हात फिरवला. “शाबास! मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत.” त्यांनी तिघांना पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. मावशीची माफी मागायचं त्यांना सुचलं नाही.

वर खोलीत आल्यावर मावशीने आधी शंकासुराच्या थोबाडीत दिली. एकच, पण सणसणीत. मग तिला कुशीत घेऊन कितीतरी वेळ थोपटत राहिली. ढब्बूला काहीच कळलं नाही. शंकासुराला कळलं.

ते मशीन पुढे भंगारात गेलं. मुकादमाला दुसऱ्या लॉन्ड्रीत मुकादमकीच मिळाली. म्हातारपणी तो दहाही बोटांनी काठी धरून फिरताना दिसायचा. मालकीणबाई शेवटपर्यंत ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगत, त्यात पुठ्ठा त्यांनीच शोधलेला असे. ढब्बूने तयार शर्टांचं दुकान काढलं आणि स्वतः जन्मभर चुरगळलेले शर्ट घातले. टिकली आईची वेणी घालायला शिकली, कारण आईच्या हातून पेड सुटायचे. ती वेणी तिने आईच्या शेवटच्या सकाळपर्यंत घातली.

शंकासुर गणिताची बाई झाली. लग्न होऊन सासरी जाण्याआधी तिने एकदाच विचारलं होतं, “मावशी, तो खटका तू का दाबलास? त्याने तुझं वाटोळं केलं होतं.”

मावशी शर्टाला बटण शिवत होती. उरलेल्या बोटांनी दोरा दाताशी नेत ती म्हणाली, “पाट्याखाली बोटं सापडली की कसा आवाज येतो ते तुम्हा कोणाला ठाऊक नव्हतं गं.”

आणि तिने दोरा तोडला.