मुठीतला फ्यूज

अंधारात मी दाराची चौकट समजून जे घट्ट धरलं, तो एका माणसाचा दंड निघाला.

"धरा, धरा… थेटर पडलं तरी मी नाही पडायचा," अंधारातून आवाज आला.

मी हात असा काही झटकला, की मागे उभ्या, शेडमधून सोबतीला आलेल्या कमलबाईंवर जाऊन आदळले. बाहेर धुळ्याचं रणरणतं ऊन आणि आत हा असा काळोख! डोळे सरावले तेव्हा तो दिसला. लीलाधर, थेटरचा ऑपरेटर. कुरळ्या केसांचा, खुशाल दात काढत उभा. मला मात्र हसू आलं नाही. सकाळी जळगावहून एसटीत बसले तेव्हापासूनच मी परत फिरायचं निमित्त शोधत होते.

त्याचं असं झालं… जळगावला हस्तीमल शेठांच्या शेडमध्ये आम्ही बायका थंड दिव्यांच्या पाट्यांना वायरी जोडायचो. वहीच्या पुठ्ठ्याएवढी पातळ पाटी, आत ना बल्ब ना काही. करंट दिला की अख्खी पाटी हिरवट-निळी उजळते आणि हाताला गारच लागते. वितळलेल्या कथलाचा गरम डाख दिला तर कडेचा थर जळतो, म्हणून तिथे पितळेची चिमटी दाबून बसवायची आणि वरून करंट वाहून नेणारा चांदीचा रंग फिरवायचा. माझा हात त्यात चांगला बसलेला. पण बिनकरंटाच्या पाटीवर हं! करंट देऊन बघायचं काम हबीबचाचांचं. ते खटक्याकडे निघाले, की मी शेडबाहेर जाऊन उभी राहायची.

माझे आबा वायरमन होते. पारोळ्याला ते खांबावर असताना खाली कुणीतरी न विचारता खटका दाबला. त्या दिवसापासून साधा घरातला दिवासुद्धा मी आईला लावायला सांगते.

आणि आता हबीबचाचा तापाने पडलेले. या थेटरच्या दारांवरच्या 'बाहेर' लिहिलेल्या पाट्या विझलेल्या. दारं धाडधाड आपटून चिमट्या सैल झाल्या होत्या. शेठ म्हणाले, द्वारका, तू जा. घरात मिळवती मीच, नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

लीलाधरने शिडी लावली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो पुढे उचलेचना.

"घाबरू नको वं, मी शे ना," कमलबाई म्हणाल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसून पान लावू लागल्या.

लीलाधरची थट्टा चालूच होती. शिडीला चहा पाजू का, म्हणजे ती तुम्हाला वर नेईल, वगैरे. पण माझा चेहरा बघून तो शिडीजवळ आला. काय झालं, म्हणाला, इतक्या हळू… की जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी माणसाला सांगून बसले. आबा, खांब, खटका, सगळं.

त्याने समजूत घातली नाही. सरळ बोर्डाकडे गेला, चिनीमातीचा फ्यूज उपसून आणला आणि माझ्या डाव्या हातावर ठेवला.

"आता खटका कुणीही दाबू दे. तुम्ही मूठ उघडल्याशिवाय करंट येत नाही."

मी वर चढले. डावी मूठ आवळलेली, उजव्या हाताने चिमटी दाबतेय, आणि खाली तो एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने रंगाची डबी वर करतोय. ब्रश बुडवताना बोटांना बोटं लागायची… मी रागाने खाली बघायची, तर स्वारी छताकडे बघतेय! मला हसू फुटणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं. थेटरचे मालक ज्ञानचंद शेठ. अंधार का केलाय, असं पुटपुटत ते बोर्डाशी गेले आणि त्यांनी खटका दाबला.

खट्.

माझ्या उजव्या हाताची बोटं पाटीच्या दोन्ही चिमट्यांवर होती. मी डोळे मिटले. आबा आठवले, आई आठवली…

काहीच झालं नाही. मूठ आवळलेलीच होती. खाली पाहिलं, तर लीलाधर माझ्यापेक्षा पांढराफटक.

"तुम्हाला तर ठाऊक होतं ना, फ्यूज माझ्याकडे आहे?" मी विचारलं.

"ठाऊक होतं… तरी भ्यालो."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझं काय झालं ते मी कमलबाईंनासुद्धा सांगितलं नाही.

रंग वाळायला सकाळ लागणार होती. फ्यूज तो उद्या बसवणार होता. एसटी चुकेल म्हणून कमलबाईंनी मला ओढतच नेलं. पारोळं आलं, तसं नेहमीप्रमाणे मी खिडकीपासून तोंड फिरवलं आणि हात दुखतोय म्हणून मूठ सोडली. हातात फ्यूज!

अगं बाई! आता उद्या पाट्या लागायच्या नाहीत आणि माझ्यापायी त्याची नोकरी जाणार. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात कुणाचंही पाऊल वाजलं की मी काम सोडून वळून बघायची.

दुपारी ते पाऊल त्याचंच निघालं. कमलबाईंना एकाएकी बाहेर काम आठवलं.

"चुकून आला माझ्याबरोबर," मी मूठ पुढे केली. "नोकरी गेली का हो?"

"नाही. दुसरा आणून बसवला. पाट्या झकास लागल्यात."

"मग इतक्या लांब आलात कशाला?"

कालचा सगळा वाह्यातपणा कुठे गेला कोण जाणे. तो रुमाल पिळत उभा राहिला.

"न विचारता खटका दाबायचा नसतो ना… म्हणून विचारायला आलो. आधी तुम्हाला. मग तुमच्या आईला."

भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू? वायरीत हात घालणारा माणूस. रोज संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसावं लागतं, हे मी आईकडे बघून शिकले होते. पण मला तो हवा होता.

"कामाला लागायच्या आधी फ्यूज काढून खिशात घालाल? रोज?"

"रोज."

मी मूठ उघडली आणि फ्यूज त्याच्या तळहातावर ठेवला.

"आई आता घरीच असेल," मी म्हणाले.