चाळीसावी बाटली

"मासोळी द्या. प्रत्येक प्रकारातली एकेक."

गोकुळानं मान वर केली. समोर चष्मा लावलेला एक तरुण उभा होता. दोन्ही बगलांत दोन काचेच्या बरण्या आणि कार्तिकातल्या गार सकाळीही कपाळावर घाम.

"एका मासोळीचा रस्सा कोणाले पुरन, मास्तर? घरी मांजर हाये काय?"

शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

"खायला नको. बाटलीत ठेवायची आहे... औषधात."

"अगं माय! काय बिमारी झाली मासोळीले?"

आता मात्र तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि गोकुळानं उगाच टोपलीतल्या मासोळ्यांवर पाणी शिंपडलं. ते मघाशीच शिंपडून झालं होतं.

त्याचं नाव उमाजी. चांद्याला कॉलेज सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. सन सत्तावन्नची ही गोष्ट. कॉलेज कसलं, बंद पडलेल्या जिनिंगची शेड ती! भिंतींच्या फटींत अजून कापूस सापडायचा. कला आणि वाणिज्य एवढेच वर्ग. विज्ञान शिकायचं तर नागपूर गाठा, नाहीतर शिक्षणाचा नाद सोडा. म्हणून यंदा विज्ञानाचा वर्ग उघडायचाच असं प्राचार्यांनी मनावर घेतलं होतं. जानेवारीत विद्यापीठाची कमिटी पाहणीला येणार होती. प्रयोगशाळा सांभाळायला नेमलेल्या उमाजीला प्राचार्यांनी बजावलं होतं, "आपल्या जिल्ह्यातल्या माशांच्या चाळीस जाती तरी दिसल्या पाहिजेत. वर्ग मिळाला तर तुम्ही इथं. नाहीतर..." नाहीतरच्या पुढचं त्यांनी सांगितलं नव्हतं.

गोकुळा रामाळा तलावाच्या काठची. बाप मुखरू जाळं टाकायचा, ती गोल बाजारात विकायची. सातवीत शाळेत पहिली आली होती. पण आई गेली, घर अंगावर पडलं आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच.

त्या दिवसानंतर उमाजी एक दिवसाआड येऊ लागला. गोकुळा त्याच्यासाठी पळसाच्या पानात वेगळी मासोळी बांधून ठेवायची.

"हिचं नाव?"

"वाम."

तो पुस्तक चाळायचा. "मास्टा... सेम्बेलस."

"एवढं नाव घेईपर्यंत ते पळून जाईन ना, मास्तर!"

"तुम्ही धरून ठेवा. मी नाव घेतो."

एकदा तो पहाटे तलावावरच आला. पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचा शहराचा परकोट दिसत नव्हता. मुखरूनं त्याला आपल्या अन् गोकुळाच्या सोबत डोंग्यात घेतलं, तोल सांभाळायला शिकवलं आणि सरळ विचारलं, "जात कोनती भाऊ तुमची?"

उमाजी पाण्याकडे बघत राहिला. "ढिवर. पोंभुर्ण्याकडचे आम्ही."

"ढिवराचा पोरगा?" गोकुळा एकदम भडकली. "अन् वाम ओळखत नाई? इतके दिवस आमची मजा पाहून राह्यले काय?"

"नाही हो..." त्याची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "सात वर्साचा होतो, बापानं वसतिगृहात टाकलं. म्हणे, जाळ्याले हात लावशीन तं हात मोडीन. सुट्टीत गेलो तरी नदीवर जाऊ देत नोयता. मले नावं ठाऊकच नाई. म्हणून तं विचारत फिरून राह्यलो."

मग मुखरूनं खांद्यावरचं फेकजाळं उतरवून त्याच्या हातात दिलं. "फेका. मी काई हात मोडत नाई."

उमाजीनं सगळा जोर लावून जाळं फिरवलं. ते पाण्यात पडायच्या ऐवजी थेट गोकुळाच्या डोक्यावर पडलं.

"वा रे पठ्ठ्या!" मुखरू खो खो हसला. "पयल्याच फेकीत एवढी मोठी मासोळी!"

उमाजी घाईघाईनं जाळं सोडवू लागला. तिच्या केसांत अडकलेला फास सुटला तरी त्याची बोटं तिथंच घुटमळत होती... आणि ते गोकुळाला कळत होतं. एरवी कोणाला उत्तर दिल्यावाचून न राहणारी ती पोरगी त्या दिवशी काठ येईपर्यंत डोंग्यातलं पाणी उपसत राहिली.

कमिटीच्या दिवशी ती ताज्या मासोळ्यांचा घडा घेऊन पहिल्यांदा कॉलेजात गेली. लांबच लांब टेबलावर बाटल्या मांडलेल्या. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी – शास्त्रीय नाव, आपल्याकडचं नाव, ठिकाण. आणि खाली, 'माहिती देणार : गोकुळा मुखरू'. एका बाटलीवर. दुसऱ्या बाटलीवर. तिसऱ्या... ती वाचत वाचत पुढे सरकत होती आणि अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात हलत होती.

शेवटची, चाळीसावी बाटली उमाजीची स्वतःची. श्रावणात गावाकडच्या बोडीतून, लहानशा तळ्यातून, आणलेले बोटाएवढे लाल मासे. गोकुळा थबकली.

"मास्तर... हे निराळी जात नाई. मरळीची पिलं होत हे. मरळ तं पयल्या रांगेतच हाये."

उमाजीचा चेहरा उतरला. बाहेर मोटार थांबली. प्राचार्यांचा "या, या!" ऐकू आला.

"राहू द्या," ती कुजबुजली. "त्यायले काय समजते!"

"तुला समजलं ना?" तो म्हणाला. तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. त्यानं टाक उचलला, चिठ्ठीवरचं नाव खोडलं आणि लिहिलं, 'मरळीची पिलं'.

कमिटीतले वयस्क प्राध्यापक बाटल्या मोजत त्या टेबलापाशी आले. "एकोणचाळीसच? आणि ही खाडाखोड?"

"चूक माझी होती, सर. यांनी दाखवली."

प्राध्यापकांनी चष्म्यावरून गोकुळाकडे पाहिलं. "कशावरून?"

तिनं हातातला घडा खाली ठेवला आणि सांगितलं. "पिलं लाल राहतात. मोठी झाली का काळी होतात. तवरिक मायबाप दोघंही राखण करतात, जागचे हलत नाईत. तेवढे दिवस आमी तिथी जाळं टाकत नाई."

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं, आणि ते पुढे गेले.

त्यानंतर उमाजी बाजारात आला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. गोकुळा रोज पळसाच्या पानात मासोळी बांधायची आणि दुपारी तशीच घरी न्यायची. आपल्या जिभेनं त्या माणसाची नोकरी घालवली, ही टोचणी तिला सुटत नव्हती. शेवटी ती कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन आली. तो गावी गेला होता.

माघ सरता सरता, पळस पेटल्यासारखा फुलला असताना, तो तलावाच्या पायऱ्यांवर उभा राहिला. गोकुळा जाळं सांधत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मंजुरी आली," तो धापा टाकत म्हणाला. "जूनपासून विज्ञान! कमिटीनं लिहिलं – बाटल्या कमी असल्या तरी चालतील, माणसं खरी आहेत."

तिच्या हातातली सुई थांबली. "अन् इतके दिवस कुठी होते?"

"नोकरीचा पत्ता नाई, तं कोनत्या तोंडानं येऊ?"

"मासोळी घ्याले नोकरी लागते काय?"

"मासोळी घ्याले नाई लागत..."

काठच्या बाया कपडे आपटायच्या थांबल्या होत्या. गोकुळाच्या गालावर पळसाचा रंग चढला, पण तिनं नजर खाली घातली नाही.

"पयले मले मॅट्रिकले बसाचं हाये. घरूनच. तुमी शिकवान काय?"

"रोज शिकवीन! अन् मंग..." त्यानं मोठा श्वास घेतला. "गोकुळा, तू मले लय आवडतं. तुझ्या बाले कसं विचारू, तेवढंच समजून नाई राह्यलं."

ती सुई पुन्हा जाळ्यात घालत, अगदी हळू म्हणाली,

"विचारा सरळ. मी तं बाले आठ दिवस झाले, तुमच्यासाठी हाव म्हणून सांगतलं."