प्रबंध झाल्यावर

कॉफीच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल एकच उरलं होतं, तेही अर्धं, शाल्मलीसमोरचं. "बसू काय इथं?" कोणीतरी विचारलं आणि ती दचकलीच. बंगळुरूच्या कोरमंगलात सकाळी सकाळी मराठी!

तो अभिराज. निपाणीचा. नोकरी महादेवपुऱ्यात आणि डोक्यात एक अर्धवट कादंबरी. ती पुण्याची, इथल्या कॉलेजात शिकवणारी, रखडलेल्या प्रबंधाची धनीण. पेपर, मिटिंगा, मेल… वेळच मिळत नाही, असं तिने रडगाणं गायलं तेव्हा तो हसला.

"रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही. मेल रडतात, प्रबंध बिचारा गप्प बसतो. त्यालाच आधी घ्या की."

मग ठरलंच. रोज सकाळी इथे बसायचं, मेल उघडण्याआधी आपापलं लिहायचं, कॉफी येईपर्यंत बोलायचं नाही. शाल्मलीने नियम इतका मनावर घेतला, की तो टक लावून बघत असला तरी ती मान वर करायची नाही. कान मात्र तापायचे! तो तिला आवडत होता, फार आवडत होता. पण प्रेम कुठे पळून जातंय? आधी प्रबंध.

एका ढगाळ सकाळी त्याने नियम मोडला. "शाल्मली… एक विचारायचं होतं. घाई काय नाही बघ."

काय विचारणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तळटिपेवरचं बोट न हलवता ती लाजून हसली. "मग प्रबंध झाल्यावर विचार ना—"

"सरी," तो कानडीत 'बरं' म्हणाला आणि लिहू लागला.

प्रबंध सादर झाला. पण लगेच कॉलेजातली तुंबलेली पेपर-तपासणी बोकांडी बसली, प्राचार्यांचे फोनवर फोन. एकदा हे उरकू, मग निवांत भेटू, म्हणत शाल्मली आठवडाभर फिरकलीच नाही.

गेली ती पेढे घेऊन. अभिराजने पेढा खाल्ला, मनापासून अभिनंदन केलं आणि खाली बघत सांगितलं, की गावी त्याचं लग्न ठरलंय. घरचे कधीचे मागे लागले होते.

"घाई नाही म्हणाला होतास…"

"तुझं लिहिणं मोडू नये म्हणून म्हटलं गं."

तिला रडू आवरेना. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, अभिराज."

कॉफी आली. कोणीच हात लावला नाही.

"आठवडाभर वाट बघितली इथं," तो हळूच म्हणाला. "काल होकार कळवला."