तोरणाची तार

टिटवीत त्या दिवशी झोपायचे दोन बाक, एक शेगडी, अकरा भांडी, दोनशे सहा पुस्तकं, एक मोठी दुर्बीण, तिची दोन तिकाटणी (तीन पायांचे स्टँड), आबा आणि जुई एवढं होतं. शिवाय पुढच्या काचेवर एक लाल चिठ्ठी होती. ती सकाळी नव्हती.

टिटवी म्हणजे डिझेलवर चालणारं, सत्तावीस वर्षं जुनं गाडीघर. जुईचे आबा खगोलशास्त्रज्ञ (ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारे) होते. निवृत्त झाल्यावर ते दुर्बीण घेऊन गावोगाव फिरत आणि बारा वर्षांची जुई त्यांच्यासोबत. कुणी पत्ता विचारला की ती गाडीचा नंबर सांगायची.

चिठ्ठी लावली होती फोंडा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या तपासणी नाक्यावरच्या यंत्रमानवाने. त्याचं नाव तपासनीस-नऊ.

"गाडीच्या नोंदीत कालच्या चढावर टर्बोचा दाब ०.६ बार होता," तो म्हणाला. "असायला हवा होता १.५. निष्कर्ष : टर्बो निकामी. हा टर्बो आता कुठेही बनत नाही. म्हणून गाडी पाच वाजता भंगारात जाईल."

"ही गाडी नाही, आमचं घर आहे!" जुई म्हणाली.

"नियमात 'घर' हा शब्द नाही."

"मग तुझा नियम अर्धवट आहे."

आबांनी सुस्कारा सोडला. "जुई, वाद नको. पुस्तकं खोक्यात भरूया."

"भरा तुम्ही. मी एकही उचलणार नाही. आबा, टर्बो म्हणजे नक्की काय ते आधी सांगा."

आबांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"डिझेल जळायला हवा लागते. चढावर ताकद जास्त हवी, म्हणजे डिझेल जास्त आणि हवाही जास्त. टर्बोत एका दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर पहिला पंखा फिरवतो. दांडा एकच, म्हणून दुसराही फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार (दाब मोजायचं एकक) असतो. त्याच्या वर टर्बोने किती भर घातली, तो आकडा हा तपासनीस सांगतोय."

"आणि हवा कमी पडली तर?"

"डिझेल अर्धवट जळतं. काळा धूर येतो, गाडीला धाप लागते."

काल अगदी तसंच झालं होतं. सपाटीवर मात्र टिटवी छान पळत होती.

जुई यंत्रमानवाकडे वळली. "नळाला पाणी कमी आलं, तर तू पंप फेकून देतोस?"

"प्रश्न समजला नाही."

"पाइपही फुटलेला असू शकतो ना? दाब कमी आहे, म्हणजे टर्बो तो कमी तयार करतोय, नाहीतर तयार झालेला वाटेत गळतोय. तू यातलं काय तपासलंस?"

"फक्त आकडा. दुसरी पायरी माझ्या यादीत नाही."

"माझ्या यादीत आहे. पाचला अजून साडेतीन तास आहेत."

आधी त्यांनी हवेची गाळणी काढली. ती स्वच्छ होती. इंजिन बंद आणि गार होतं, म्हणून आबांनी टर्बोच्या तोंडाशी असलेली नळी सोडवली. जुईने बोटाने पंखा फिरवला. तो अलगद फिरला. दांडा हलवून पाहिला, तर तोही डुगडुगत नव्हता.

"पंप ठीक आहे," ती म्हणाली. "आता पाइप."

टर्बोतून निघालेली हवा तापलेली असते. ती रबरी नळीतून इंटरकूलरमध्ये (हवा गार करणाऱ्या जाळीत) आणि तिथून इंजिनात जाते. आबांनी टर्बोच्या तोंडात मधे भोक पाडलेलं लाकडी बूच बसवलं, त्याला चाकात हवा भरायचा पंप जोडला. जुईने भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने नळीवर आणि प्रत्येक जोडावर लावलं.

अर्धा बार. काहीच नाही.

"गळती नाही," यंत्रमानव म्हणाला.

"गप रे. आबा, अजून भरा."

एक बार. रबरी नळी किंचित फुगली आणि तिच्या खालच्या बाजूला फेसाचा पांढरा गोळा उठला. तिथे तीन सेंटीमीटरची चीर होती. दाब कमी असताना ती मिटलेली राही, नळी फुगली की उघडे. म्हणूनच सपाटीवर टिटवी कुरकुरत नव्हती.

चिरेत काहीतरी चमकत होतं. जुईने ओढून काढलं. बारीक तार, टोकाला झेंडूचं वाळलेलं देठ.

तिने ती लगेच ओळखली. खंडेनवमीला टिटवीची पूजा केली, तेव्हा तोरण सुटू नये म्हणून तिनेच तार गाडीच्या पुढच्या जाळीतून आत खोचली होती. गाडी हलली की तार नळीवर घासत राहिली होती.

"चूक तुमची आहे," यंत्रमानव म्हणाला.

जुईचे कान लाल झाले. "हो, माझी आहे. टर्बोची नाही. तेही लिही."

नवी नळी जवळपास मिळणार नव्हती. आबांनी एका तिकाटण्याकडे पाहिलं. त्याचा पाय पोकळ ॲल्युमिनियमचा होता, नळीच्या मापाचा.

"आबा, ते तर तुमचं पहिलं तिकाटणं!"

"दुसरं आहे की. करवत दे."

फाटलेला भाग कापून मधे तो तुकडा बसवला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळल्या. पुन्हा एक बार, पुन्हा साबण. फेस आला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी टिटवी घाटाला लागली. चढावरचा दाब पुन्हा मोजायला सोबत आलेला यंत्रमानव बाकावर पुस्तकांना टेकून बसला होता. वर दाजीपूरच्या शाळेतली त्रेचाळीस मुलं शनीची कडी बघायला थांबली होती.

"नोंद करत आहे," तो म्हणाला. "यादीत नवी पायरी : टर्बो बाद करण्यापूर्वी नळ्या दाब देऊन तपासणे. पायरीला नाव?"

"तोरण," जुई म्हणाली. "आता आकडा वाच."

तिसरा गिअर. आबांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला.

"१.४८ बार. चिठ्ठी रद्द."