उरलेली तीन मिनिटं

गुरुवारी कुरुळी ओळखू येत नाही. एरवी चोवीस तास धडधडणारे पत्रा दाबायचे प्रेस, कॉम्प्रेसर, कंटेनरचे हॉर्न, सगळं गप्प. कंपन्यांना सुट्टी, आणि ती साधून दुरुस्तीसाठी वीजही बंद. अशाच एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला उत्कर्षा तिथं एक कागद न्यायला आली. काम पाच मिनिटांचं. कपाट उघडायचं, सयाजी नावाच्या माणसाचा तक्ता काढायचा आणि सांगवीला परत.

निघताना घराचं कुलूप तिनं तीनदा ओढून पाहिलं होतं. नवरा, ज्ञानेश, गणराजला बागेत न्यायला कडेवर घेऊन जिन्यात उभा. "लागलंय गं. मी पाहिलं, गणूनं पाहिलं. आता कुलूपच म्हणेल, बाई, सोड मला."

अशीच होती ती. दीड वर्षाच्या गणूला कणकण वाटली की दोन थर्मामीटर लावायची, आणि दोन्हींत फरक आला की रात्रभर दोन्हींवर संशय घेत बसायची. त्याच्या पोटात गेलेलं औषध थेंबासकट वहीत. अशी बाई आकड्यांत लबाडी करील असं कुणाला वाटलं नसतं. तिलाही वाटलं नव्हतं.

नोकरी संशोधनाची होती, कामगारांच्या हृदयाच्या. माणसाचा दम कमी पडायला लागतो, तो हृदयाच्या चित्रात दोष दिसण्याच्या किती आधी, हे पाहायचं होतं. त्यासाठी कुरुळीतलं एक बंद पडलेलं मंगल कार्यालय भाड्यानं घेतलेलं. जेवणाच्या लांबट हॉलमध्ये बरोबर तीस मीटरवर समोरासमोर दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. माणसानं सहा मिनिटं या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत चालायचं. उत्कर्षानं फेऱ्या मोजायच्या आणि दर मिनिटाची नाडी लिहायची. चारशे मीटरच्या आत जो दमेल, त्याची त्याच आठवड्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बाकीच्यांची नंबर येईल तशी, सवडीनं.

सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण पहिली शिफ्ट सुटल्यावर माणसं एकदम येत, रांग लागे, आणि सांगवीचं पाळणाघर साडेसहाला बंद होई. पाळणाघरवाल्या शालनबाईंचा सहापासून फोन. "येताय ना? तुमचाच एकटा राहिलाय बघा दाराकडे बघत." अशा एका संध्याकाळी उत्कर्षानं एका माणसाला तीन मिनिटांवर थांबवलं आणि फेऱ्यांची दुप्पट केली. जो तीन मिनिटं चालतो तो सहाही चालेल, असं स्वतःला सांगितलं. एकदा खपलं. मग आणखी काही वेळा.

सयाजी त्यांतलाच. बीडकडचा, प्रेसवर काम करणारा, सत्तेचाळीस वर्षांचा. तीन मिनिटांत आठ फेऱ्या, म्हणजे दोनशे चाळीस मीटर. तिनं चारशे ऐंशी लिहिले.

"अजून राहिलंय नं, मॅडम?" त्यानं विचारलं होतं. "चालतो की. खोलीवर जाऊन तरी काय करायचंय?"

"नको काका, झालं. एकदम फिट आहात तुम्ही."

तो हसला होता. कारभारणीला सांगतो म्हणाला.

अकरा दिवसांनी गॅसची टाकी वर नेताना तो जिन्यात बसला, तो उठलाच नाही. त्याची बायको कस्तुरा नंतर कुरुळीच्या कार्यालयात आली, ती भांडायला नाही. "मॅडमनी फिट सांगितलं होतं त्यांना," एवढंच म्हणाली, आणि उत्कर्षाकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं भरवसा होता.

आता प्रकल्पाच्या प्रमुख, डॉक्टर तेजस्विनी, यांनी मूळ तक्ता मागितला होता. त्यात शेवटच्या तीन मिनिटांची नाडी उत्कर्षानं घाईत एकसारखी भरलेली, ११८, ११८, ११८. तिच्या पर्समध्ये एक कोरा तक्ता होता. आकडे जरा खालीवर करून पुन्हा लिहिले, की कुणाला काही कळणार नव्हतं. खरं काम ते होतं.

चावी गोजाबाईंकडे. गावातल्याच, कार्यालयाची राखण करणाऱ्या. पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"लाईट न्हाई हां ताई. आन् पोरगं कुणाकडं टाकलं?"

"बापाकडे आहे."

"मग बसा की निवांत. बाप काय खातोय व्हय त्याला?"

आत लग्नसराईतले मखमली पडदे अजून लटकत होते, त्यामुळे भर दुपारी हॉलमध्ये अंधार. दमट सतरंज्यांचा आणि फिनेलचा वास. उत्कर्षा हॉलच्या मधोमध, भिंतीलगतच्या आपल्या टेबलाशी बसली. मोबाइलचा उजेड कागदावर धरला. नाव उतरवलं, वय उतरवलं. पहिल्या मिनिटाची नाडी, दुसऱ्याची, तिसऱ्याची. चौथ्या रकान्यावर पेन टेकवलं.

फट्.

डावीकडच्या खुर्चीपाशी चप्पल वाजली.

तिनं मान वर केली नाही. उंदीर असेल, पडदा असेल.

फट्... फट्... फट्. एक पाऊल नीट, दुसरं किंचित घासत. आवाज तिच्या समोरून गेला. त्याच्यामागून वास आला, मशिनवरच्या तेलाचा, उग्र आणि गोडसर. कितीही साबण लावा, या माणसांच्या हातांतून तो जात नाही. उजव्या टोकाला खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. वळताना लोकांचा धक्का लागतो, तसा. आणि पावलं परत फिरली.

मोबाइलचा उजेड तिकडे टाकायचा धीर तिला झाला नाही. पण डोक्यातलं मोजणं सुरू झालं होतं. इतके महिने दुसरं काय केलं होतं तिनं? एक. परत, दोन. आता श्वासही ऐकू येत होता, तोंडानं घेतलेला, तुटक. तिसऱ्या फेरीला पावलं जडावली. चौथ्या फेरीत टेबलासमोर ती रेंगाळली.

"किती झाल्या... मॅडम?"

सगळेच हे विचारत. रोज, प्रत्येक जण. आवाजात धमकी नव्हती, तक्रार नव्हती. शाळेत शहाणं मूल विचारतं तसं आदबीनं विचारलेलं. तिला भीतीपेक्षा शरम जास्त वाटली, इतकी, की कानांच्या पाळ्या तापल्या.

"तीन," ती कुजबुजली. "आधीच्या आठ धरून... अकरा."

"मोजताय नं?"

"मोजतेय, काका."

पावलं पुढे सरकलीच नाहीत. फेरी अर्ध्यातच थांबली. आणि तिनं जे इतके दिवस आठवू दिलं नव्हतं, ते तिला आठवलं. तिसऱ्या मिनिटाला सयाजीनं छातीच्या मध्यावर हात दाबून धरला होता. तिनं पाहिलं होतं. चांगलं स्पष्ट पाहिलं होतं, आणि मग घड्याळाकडे पाहिलं होतं.

"बसा, काका," ती म्हणाली. "बसा आता."

अंधारात टेबलासमोरची खुर्ची वजनानं दबल्यासारखी वाजली.

साडेअकरा फेऱ्या. तीनशे पंचेचाळीस मीटर. चारशेच्या आत. त्या दिवशी उरलेली तीन मिनिटं चालू दिली असती, तर आठवड्याच्या आत त्याची इको झाली असती.

दार ढकलून गोजाबाई डोकावल्या. "कोण चालतंय ओ आत? मगापासनं ऐकतीया. तुमी तर बसलाय."

उत्कर्षा मूळ तक्ता तेवढा घेऊन उठली आणि उजेडात, पायरीवर येऊन बसली. डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, सयाजींचे चारशे ऐंशी खोटे आहेत. मी त्यांना तीन मिनिटंच चालवलं. तीनशे पंचेचाळीस भरले असते."

"हा आकडा कुठून आणलास?"

तिनं वळून हॉलच्या दाराकडे पाहिलं.

"असे किती आहेत?" पलीकडचा आवाज थंड झाला होता.

"अजून पाच. ते... हिंडतायत. कामावर जातायत."

डॉक्टर म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लाव. उद्या सकाळी इकोला बोलव. रडायचं असेल तर नंतर रड. आणि कस्तुराबाईंना तू सांगायचंस. मी सोबत येईन, पण बोलायचंस तू."

"हो."

गोजाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. नुसता पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्यानं उत्कर्षा आणखीच खचली.

तिनं पहिला नंबर लावला.

"हां, उद्या सकाळी ना?" पलीकडचा माणूस म्हणाला. "मिळाला निरोप."

डॉक्टरांनी कुणाला तरी पाठवलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्यालाही निरोप मिळाला होता. तिसऱ्याच्या घरून बायको म्हणाली, "आत्ताच सांगून गेले." मग उत्कर्षाच्या लक्षात आलं, की पाच जणांची नावं तिनं डॉक्टरांना अजून सांगितलेलीच नव्हती.

चौथ्यानंही तेच सांगितलं.

पाचवे बबनराव. जुन्या गावातले, कंपनीच्या गेटवर वॉचमन.

"व्हय ताई, सांगितलं की तुमच्या माणसानं. लई दमला हुता बिचारा. उंबऱ्यावर टेकला, पाणी प्याला. म्हणला, सकाळपतूर जिना चढू नगा, वजन उचलू नगा."

"कसा... कसा होता तो?"

"आता उन्हाला पाठ करून बसला हुता, त्वांड काय दिसलं न्हाई. त्याल-त्याल वास येत हुता. बसा म्हणलं अजून, तर न्हाई बसला. म्हणला, पाच घरं झाली, सहावं राहिलंय."

"सहावं?" तिनं बोटांवर पुन्हा मोजले. "पाचच आहेत, बबनराव. पाचच जण आहेत."

"मी बी इचारलं, कुणाचं वो सहावं? तर म्हणला, मला बी नाव गावंना. मॅडमलाच ठावं."

वीज साडेपाचला आली. हॉलमधले पंखे एकदम फिरायला लागले. गोजाबाई कुलूप हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, तरी उत्कर्षा टेबलापासून हलली नाही. कपाटातले सगळे तक्ते तिनं समोर ओढले होते. एकशे अडतीस. एकेक नाव वाचून चेहरा आठवत होती, पुढच्यावर जात होती, पुन्हा मागं येत होती. सगळ्यांवर तिचंच सुबक अक्षर, सहाच्या सहा रकाने नीट भरलेले. त्यातला कुठला, ते तिला काही केल्या आठवेना.